सांगलीत बसून ब्रेन इमेजिंग: सुरुवात कुठून?

इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष, घर सांगलीत, न्यूरल नेटवर्क आणि ब्रेन इमेजिंग दोन्ही करायचंय, पण डॉक्टरकी केलेली नाही आणि एमआरआय मशिन हाताशी नाही, ही तुझी अडचण. डॉक्टरकी लागत नाही. मशिनचं म्हणशील तर मिरजेत एमआरआय सेंटरं आहेत, पण ती रुग्णांसाठी. एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय संशोधनासाठी कुणाला आत झोपवता येत नाही. तो नाद सध्या सोड. ओपनन्यूरो या वेबसाइटवर जगभरच्या लॅबचे मेंदूचे स्कॅन फुकट मिळतात, त्यातला एखादा छोटा संच उतरवून घे.

फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदू काम करताना घेतलेला एमआरआय, पेशींमधली वीज मोजत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथला रक्तपुरवठा वाढतो. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचं चुंबकीय वागणं वेगळं असतं, त्या फरकावर सिग्नल मिळतो. सेइजी ओगावांनी 1990 मध्ये हे दाखवलं. हा प्रतिसाद संथ असतो, शिखर गाठायला 5-6 सेकंद घेतो. म्हणून स्कॅनरमधल्या माणसाला चित्र दाखवल्याच्या वेळा आणि या प्रतिसादाचा आकार यांचं कन्व्होल्युशन करून (प्रत्येक वेळेपाशी तो आकार ठेवून सगळ्यांची बेरीज करून) अपेक्षित सिग्नल काढतात, मग तो एकेका व्होक्सेलच्या (स्कॅनमधल्या छोट्या घनाच्या) सिग्नलशी ताडून बघतात. म्हणजे सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पेपरसाठी घोकलंस तेच! एमबीबीएसवाल्याला हे मुळापासून शिकावं लागतं.

खरी गोची स्टॅटिस्टिक्समध्ये आहे. लाखभर व्होक्सेल तपासले आणि 0.001 ची मर्यादा लावली (म्हणजे निव्वळ योगायोगाने हजारात एक चुकीचा होकार चालेल असं धरलं), तर काहीही घडत नसताना शंभरेक 'पेटलेले' दिसतील. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मेलेला सालमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि त्याच्या मेंदूतही हालचाल सापडली. मल्टिपल कंपॅरिझनची दुरुस्ती, म्हणजे एकाच वेळी खूप चाचण्या केल्याने वाढणाऱ्या योगायोगांचा हिशोब, लावताच ती गायब. नायलर्न (ब्रेन इमेजिंगची पायथन लायब्ररी) शिकण्याआधी हे पचव.

न्यूरल नेटवर्कचं थोडक्यात. 1943 चा मॅककलक-पिट्स न्यूरॉन हे गणितातलं सोपं मॉडेल, म्हणजे बेरीज आणि थ्रेशोल्ड (ठरावीक मर्यादा ओलांडली की होकार), तर हॉजकिन-हक्सलींची 1952 ची समीकरणं खऱ्या पेशीच्या पडद्यातून जाणाऱ्या आयनांची; दोन्ही एकच नव्हेत. पायटॉर्च (न्यूरल नेटवर्क बनवायची लायब्ररी) येतं म्हणून मेंदू कळला असं समजणारे बरेच भेटतात, तू त्यात जाऊ नकोस. स्कॅनवरून माणूस काय बघत होता हे ओळखायला मात्र न्यूरल नेटवर्कची मॉडेलं कामाला येतात.

पुढे पीएचडीसाठी बंगळूरुचं आयआयएससी आणि मानेसरचं एनबीआरसी (नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर), दोन्हींच्या जाहिराती बघ. पात्रता जाहिरातीत नीट वाच, कुणाच्या सांगण्यावर राहू नकोस. प्रोबॅबिलिटी आणि लिनियर अल्जेब्रा कितपत झालंय ते कळव, त्यावर पहिला प्रोजेक्ट सुचवतो.