गाळा ९ बाय १५ चा, खुर्च्या किती?

प्रश्न : ताई नमस्कार. सांगलीत गणपती पेठेजवळ आमचा गाळा हाय, ९ बाय १५ चा, पुढनं शटर. वडील ३० वर्षं तिथंच दुकान चालवत्यात, दोन खुर्च्या, दोन्ही भिंतींना आरसे. मी पुण्यात कोर्स करून आलोय आणि आता दुकान नवीन करायचंय. मला ३ खुर्च्या, केस धुवायची बेसिनवाली खुर्ची, ५ जण बसतील असा सोफा आणि एसी पायजे. एकानं डिझाइन काढून दिलंय, त्यात पीओपीचं सिलिंग, सिलिंगमध्ये स्पॉटलाइट, काळी चकचकीत फरशी आणि सगळं फर्निचर एमडीएफचं (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचं) हाय. बजेट ३ लाख. वडील म्हणत्यात रंग मार आणि गप बस. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अर्धं वडिलांचं ऐका. आणि ते डिझाइन ज्याने काढलंय तो कधी सलूनमध्ये तासभर बसलेला नाही एवढं मी पैजेवर सांगते, कारण त्याने खुर्ची मोजलीय पण खुर्चीभोवती फिरणारा माणूस मोजलेलाच नाही.

आधी एक काम करा. दुकान बंद असेल त्या सोमवारी सगळं सामान एका कोपऱ्यात सरकवा, फरशीवर खडूने खुर्च्यांच्या जागा आखा, मध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवून भावाला बसवा आणि हातात कंगवा घेऊन त्याची खोटी खोटी कटिंग करा. पूर्ण गोल फिरा. कानामागे वस्तरा लावताना तुमचं कोपर किती बाहेर जातं ते बघा, साधारण दोन ते अडीच फूट जागा खातं ते. आता शेजारच्या खुर्चीवर वडील असंच करतायत असं धरा. दोन खुर्च्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५ फूट असलं तर मस्त, साडेचारवर भागतं, त्याच्या खाली गेलात की दिवसभर कोपराला कोपर आणि एखाद्या रविवारी वस्तऱ्याला धक्का.

तुमची लांबी १५ फूट. पुढचे ३ फूट येण्या-जाण्याला आणि बसायला, मागचे ३ फूट बेसिनला, मध्ये उरले ९. साडेचार साडेचारच्या दोन खुर्च्या. संपला हिशोब. तिसरी खुर्ची म्हणजे बसायची जागा काढून टाकायची, आणि मग गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहतं आणि पाच मिनिटांनी समोरच्या दुकानात जातं.

रुंदीचं पण बघा. समोर १० इंचाचं काउंटर, दाढीला खुर्ची मागं पाडली की पायापासून डोक्यापर्यंत साडेपाच-सहा फूट, म्हणजे ९ मधले जवळजवळ ७ फूट गेले, मागं दोन-सव्वादोन फूट उरतं आणि तिथंच तुम्ही उभं राहायचंय! त्या भिंतीला सोफा लावला तर तुम्ही बसलेल्याच्या मांडीवरच. म्हणून सोफा विसरा, पुढच्या ३ फुटांत १४ इंच खोलीचं बाकडं करा, तीन जण बसतात, आणि दोन फोल्डिंग खुर्च्या भिंतीला अडकवून ठेवा.

आता लाइट, कारण माझं सगळ्यात जास्त भांडण लाइटवरून होतं. सिलिंगमधला स्पॉट बरोबर डोक्यावर आला की कपाळ चमकतं, डोळ्यांखाली काळं, हनुवटीखाली अंधार. म्हणजे दाढीची रेषा जिथं काढायची तिथंच सावली, आणि गिऱ्हाइकाला आरशात स्वतःचं तोंड आजारी माणसासारखं दिसतं, मग कटिंग कितीही भारी करा तो खुश होत नाही. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावा, बसलेल्याच्या तोंडाच्या उंचीला, वरनं दुधी कव्हर. रंग ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर, आणि दुकानदाराला सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी) ९० च्या वरचा दाखव म्हणून सांगा. ते नाही बघितलं तर दुकानात तपकिरी दिसलेला डाय बाहेर उन्हात लालसर निघतो आणि शिव्या तुम्हाला. सिलिंगला फक्त दोन साध्या ट्यूब पुरे. पीओपी अजिबात नको, आहे ती उंची कमी कशाला करता, छताला पांढरा रंग मारा आणि ते पैसे वायरिंगमध्ये घाला.

वायरिंगचं म्हणाल तर २००० वॅटचा ड्रायर साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला पेलत नाही, सॉकेट पिवळं पडून वितळतं. प्रत्येक खुर्चीला १६ अँपिअरचा एक पॉइंट, ट्रिमरसाठी दोन साधे, आणि मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ओला हात आणि वीज एकाच खोलीत आहे, यात काटकसर नको.

आणि आता ते जे तुम्ही पत्रात लिहिलंच नाही. दादा, गणपती पेठ! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१ च्या जुलैला परत आलं. आणि त्या भागात तुम्ही एमडीएफ लावताय? मी स्वतः ही चूक केलीय, २०१८ ला पेठेतल्याच एका दुकानाला सगळं एमडीएफचं सुंदर काम करून दिलं होतं, पांढरं शुभ्र, हँडल नसलेले ड्रॉवर. पूर ओसरल्यावर बघायला गेले तर ड्रॉवर भिजलेल्या पावासारखे फुगलेले, हाताने दाबलं की बोट आत जायचं, आणि दुकानदार एक शब्द बोलला नाही तेच जास्त लागलं. तेव्हापासून नदीकाठच्या पेठेत काम असलं की मी पहिल्यांदा शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारते, पाणी कुठवर आलं होतं. ते भिंतीवर हात लावून दाखवतात. वडिलांना तर विचारायचीही गरज नाही, त्यांना माहीत असणार.

तर त्या खुणेच्या खाली लाकूड कमीत कमी. काउंटर म्हणजे लोखंडी ब्रॅकेटवर ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची पट्टी. ड्रॉवरच्या जागी चाकांच्या स्टील ट्रॉल्या, पाणी वाढतंय कळलं की ढकलत टेम्पोत. जिथं लाकूड लागेलच तिथं ७१० मार्काचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा) किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचा). बोर्ड-स्विच ५ फुटांवर आणि वायर वरनं खाली आणा, फरशीतून नको. खूण त्याच्याही वर असली तर पाणी यायच्या आधी मेन बंद करून जायचं, दुसरा इलाज नाही. खुर्च्या फरशीला बोल्ट करू नका, खालची प्लेट जड असते, ती तशीच उभी राहते. हायड्रॉलिक पंपात एकदा गाळ गेला की खुर्ची गेली, म्हणून ती उचलता येणं महत्त्वाचं.

बेसिनबद्दल. मागं पाठ टेकून केस धुवायची खुर्ची ४ फूट लांब आणि तिच्यामागं उभं राहायला २ फूट, तुमच्याकडं मागं ३ फूट पट्टा आहे पण तो ९ फूट रुंद आहे, म्हणजे आडवी लावली तर बसते. प्रश्न पाइपचा. दोन इंची पाइपला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. गटार मागच्या बाजूला असलं तर सोपं, पण पुढं रस्त्याकडं असलं तर १२ फुटांत ३ इंच उतार आला, त्यात पाइपची जाडी धरा, म्हणजे मागं ५-६ इंचाचा ओटा करावा लागणार. तो करा, पण कडेला वेगळ्या रंगाची पट्टी द्या, नाहीतर म्हातारी माणसं ठेचकाळतात. आणि बेसिनखाली केस अडवायची स्टीलची जाळी हाताने काढता येईल अशी, दर रात्री साफ करायची. प्लंबर म्हणेल गरज नाही. महिन्याने तोच येतो पैसे घेऊन.

काळी चकचकीत फरशी? पांढऱ्यावर काळे केस दिसतात, काळ्यावर पांढरे, आणि पावडर तर काळ्यावर रांगोळीसारखी दिसते. मधला राखाडी, ठिपके ठिपके असलेली मॅट फरशी घ्या, जुन्या मोझेकसारखी, आणि सांधे इपॉक्सीने भरा.

आरसे समोरासमोर हे वडिलांचं बरोबर आहे हं. त्या काळी कुणी डिझायनर नव्हता पण मानेमागची कटिंग गिऱ्हाइकाला खुर्चीतूनच दिसायची. फक्त मागची भिंत पूर्ण आरशाची करू नका, नुसती मुंडकी वाढत जातात. फरशीपासून साडेतीन ते साडेपाच फुटांमध्ये एक पट्टा ठेवा.

एसी दीड टनाचा, शटर सारखं उघडतं म्हणून. झोत ओल्या डोक्यावर येणार नाही असा. जाळी पंधरा दिवसांनी धुवा, आत केस आणि पावडरचा नुसता नमदा होतो.

प्रश्न : साताऱ्यात राजवाड्याजवळ आजोबांपासूनचं दुकान आहे. त्यांची लाकडी खुर्ची आहे, मान टेकायला वर-खाली होणारी लाकडी उशी, वेताची बैठक फाटलीय. त्यांची वस्तरे ठेवायची चामड्याची धोकटी पण आहे अजून. नवीन दुकानात ती खुर्ची ठेवावी का भंगारात द्यावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भंगारात दिलीत तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. पण रोजच्या कामाला तिला लावू नका, उंची बदलत नाही, तुमची पाठ जाईल. वेत विणणारा शोधून बैठक नवीन करून घ्या, लाकडाला पॉलिशपेपर मारून नुसतं तेल द्या, चकाचक व्हार्निश नको, वापरून गुळगुळीत झालेले खुर्चीचे हात तसेच राहू देत. दाराशी थांबणाऱ्यांसाठी ठेवा. धोकटी काचेच्या पेटीत बंद करू नका, खुंटीला लावा, चामड्याला हवा लागते, आणि वस्तरे मात्र आतून काढून घरी ठेवा, दुकानात लहान मुलं येतात.