कोरडा कचरा : तुमचे प्रश्न

प्रश्न : दुधाच्या पिशव्या जमवून ठेवते, पण वास येतो म्हणून भंगारवाला घेत नाही. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

वास येतो तो कोपऱ्यात अडकून आंबलेल्या दुधाचा. पिशवी रिकामी झाली की लगेच अर्धी वाटी पाणी घालून विसळा. ते पाणी चहाच्या आधणात चालते. मग दोन बाजू कापून पिशवी उलगडा आणि दोरीवर वाळत घाला. नुसती पालथी घातली तर आत ओल राहते आणि बुरशी धरते. पिशव्या वितळवून त्यांचा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंसाठी प्लास्टिकच्या बारीक गोळ्या, करतात. तेव्हा राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि दाण्यात बुडबुडे धरतात. असल्या दाण्याला भाव नसतो, म्हणून भंगारवालाही ओला माल नाकारतो. त्याची तक्रार रास्त आहे.

पिशवी फोडताना कोपरा कापून वेगळा करू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. तेवढासा तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारात जातो.

दही-ताकाच्या साध्या पिशव्या यांच्यातच चालतील. वेफर्सची आतून चंदेरी असलेली पाकिटे मात्र नकोत. त्यांत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे होत नाहीत आणि सगळा दाणा बिघडवतात.

प्रश्न : पिझ्झाचा खोका, दुकानातली बिले रद्दीत घालावीत का? (एक वाचक, सांगली)

खोक्याचे कोरडे झाकण फाडून रद्दीत घाला. तेलकट तळ नको, कारण रद्दीचा पाण्यात लगदा करतात आणि तेल धाग्यांना धरून बसते. नव्या कागदावर डाग उमटतात. तळाचे तुकडे करून घरच्या खतात टाका. गुळगुळीत बिलावर नख ओढून पाहा. काळी रेघ उमटली तर त्यावर रसायनाचा लेप आहे. ते रद्दीतही नको, खतातही नको.

प्रश्न : एवढे करून फायदा कोणाला? (एक वाचक, पुणे)

तुमच्याच शहरात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आहे. सुका माल विकून येणारे पैसे वेचकांचेच असतात. खरकटे लागलेला पुठ्ठा त्यांना फेकून द्यावा लागतो, कोरडा विकता येतो. आमच्या मते वेगळे काढण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. शिवाय जुने ॲल्युमिनियम वितळवायला खनिजापासून नवे करण्याच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. म्हणून शीतपेयाचा डबा चुकूनही ओल्या कचऱ्यात टाकू नका.

प्रश्न : फुटलेला आरसा काचेच्या बाटल्यांबरोबर द्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

नको. आरशाला मागे लेप असतो. ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडीही वेगळी ठेवा; ती बाटलीच्या काचेबरोबर वितळत नाहीत, खडे राहतात. तुकडे वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर ठळक ‘काच’ लिहा आणि पुडके वेचकाच्या हातात सांगून द्या.