कानाची वरची मर्यादा

प्रश्न : माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, असे शाळेपासून वाचत आलो आहे. परंतु मोबाईलवरील एका अ‍ॅपने स्वर चढवत नेला, तेव्हा ११,००० हर्ट्झच्या पुढे मला काहीच ऐकू आले नाही. माझी चौदा वर्षांची नात मात्र १७,००० पर्यंत ‘अजून येतोय’ असे सांगत होती. माझे वय ६३ आहे. मला बहिरेपण येत आहे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सांगितलेल्या आकड्यांवरून तसे म्हणता येत नाही. पुस्तकातील २०,००० हा आकडा निरोगी आणि तरुण कानाचा आहे. साठीत ही मर्यादा १०-१२ हजारांवर येणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी घेतलेली, उलगडल्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल अशी कॉक्लिया नावाची नळी असते. तिच्यातील पडद्याचा तोंडाजवळचा भाग उंच स्वरांना आणि टोकाकडचा भाग खालच्या स्वरांना प्रतिसाद देतो, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले व त्या संशोधनासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वयानुसार झिजतात त्या प्रामुख्याने तोंडाजवळच्या केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी. माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, त्यामुळे मर्यादा वरून खाली सरकत जाते. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ सतत निघत असे (चित्रातील ६२५ रेषा × सेकंदाला २५ चित्रे). घरातील मुलांना ती जाणवे, आजी-आजोबांना तिचा पत्ताही नसे.

खालची मर्यादा तर त्याहून धूसर आहे. २० हर्ट्झचा स्वर ऐकू यायचा असेल, तर तो १,००० हर्ट्झच्या ऐकू येणाऱ्या सर्वांत मंद स्वरापेक्षा ७० हून अधिक डेसिबलने मोठा असावा लागतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला इतके खालचे स्वर निर्माण करणेच जमत नाही आणि अगदी वरचे स्वरही तो क्षीण करतो, म्हणून अशा अ‍ॅपवर कानाची परीक्षा घेऊ नये.

खरी काळजी घ्यायची ती बोलणे समजण्याची. बोलण्यातील ‘आ’सारख्या स्वरांचा जोर ३,००० हर्ट्झच्या खाली असतो, तर ‘स’सारख्या व्यंजनाचा साधारण ४,००० ते ८,००० च्या पट्ट्यात. हा पट्टा मंदावला, की आवाज येतो पण शब्द कळत नाही: दुकानदार ‘साठ’ म्हणाला तरी ‘आठ’ ऐकू येते, पंख्याच्या आणि भांड्यांच्या आवाजात घरातली माणसे पुटपुटतात असे वाटू लागते. अनेकजण याला वर्षानुवर्षे इतरांच्या बोलण्याचा दोष मानतात, आणि हळूहळू बैठकीतच बसेनासे होतात. हे टाळता येण्यासारखे आहे.

आपल्याला असा अनुभव येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणशक्तीची चाचणी, करून घ्यावी. ती सामान्यतः २५० ते ८,००० हर्ट्झमध्ये केली जाते, कारण रोजचे संभाषण याच पट्ट्यात चालते. श्रवणयंत्राचा सल्ला मिळाल्यास तो लांबणीवर टाकू नये. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तेथे उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असते.