हातगिअरच्या जुन्या मोटरसायकलचा दुसरा गिअर सुटतो. गिअरबॉक्स खोलू, की पायगिअर बसवून घेऊ?

दोन्ही नको. आधी हातगिअरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारा रॉड सोडवा.

तुमच्या प्रश्नावरून गाडी 1930च्या दशकातली ब्रिटिश एरियल आहे, बर्मन कंपनीचा गिअरबॉक्स, टाकीच्या उजव्या अंगाला गेट (लिव्हर फिरवायची खाचांची पट्टी). इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना थ्रॉटल बंद केलं की दुसरा सुटतो. मेकॅनिक म्हणतो डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे जाड दात) वेल्डिंगने भरू, नाहीतर पायगिअर लावू. हा सल्ला इंदुरात सगळीकडे मिळतो आणि त्यापायी चांगले गिअरबॉक्स भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

अशीच एक गाडी आमच्या बाकावर आली होती. तिचा बॉक्स दुसरीकडे आधीच उघडून झालेला, दुसऱ्या गिअरचे डॉग वेल्डिंग करून कानशीने घासलेले, आणि तक्रार जशीच्या तशी. रॉड सोडवला, मागचं चाक हळूहळू फिरवत बॉक्सवरचा आर्म हाताने हलवला. प्रत्येक गिअरला आतला प्लंजर (स्प्रिंगवरची खिट्टी) कॅमप्लेटच्या (गिअर निवडणाऱ्या चकतीच्या) खाचेत पडल्याचा ‘टक्’ स्पष्ट लागत होता. त्या त्या जागी बॉक्सच्या केसवर (बाहेरच्या कवचावर) रेघ मारली, रॉड परत जोडला आणि वरून लिव्हर टाकला. दुसऱ्याला लिव्हर गेटच्या खाचेत टेकला तेव्हा खालचा आर्म रेघेच्या चार मिलिमीटर अलीकडेच थांबला होता. म्हणजे प्लंजर खाचेत पडतच नव्हता. डॉग अर्धेच शिरत होते. इंजिनच्या जोरावर ते कसेबसे टिकायचे. थ्रॉटल सोडलं की भार डॉगच्या पाठीमागच्या बाजूवर येतो आणि गिअर बाहेर.

गिअर जागेवर धरणं हे प्लंजरचं काम आहे, गेटचं नाही. गेटने फक्त हाताला वाट दाखवायची. प्लंजर खाचेत बसल्यावर लिव्हरला दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळीक उरली पाहिजे. उरत नसेल तर आधी रॉडची लांबी जुळवा, आणि एका टोकाचा गिअर जुळवताना दुसऱ्या टोकाचा बिघडत असेल तरच गेटला कानस लावा. जुनं गेट मिळत नाही, घासलेलं परत भरता येत नाही.

रॉड बिघडतो कशाने? या गाड्यांत प्रायमरी चेन (इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंतची) ताणायला अख्खा गिअरबॉक्स मागे सरकवतात. बॉक्स सरकला की रॉडचं माप बदललं. चेन ताणून गाडी परत देणारे हे विसरतात, आणि महिनाभराने ‘गिअर गेला’ म्हणून तीच गाडी परत येते. क्रम असा ठेवा: प्रायमरी चेन (सर्वांत ताठ जागी साधारण 12 मिमी ढील), मग मागची चेन, मग रॉड, शेवटी क्लच केबल. दुसरं कारण रॉडच्या टोकांच्या पिनांची भोकं. ती लांबट झाली की हाताची हालचाल तिथेच जिरते. भोक मोठं करून बुश (धातूची छोटी नळी) घाला, रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) मारा, पिन नवी करा. लेथवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एवढं करूनही सुटत असेल तर खोला. केस अॅल्युमिनियमची आहे, बेअरिंग ठोकून काढू नका. ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवा. पाण्याचा थेंब चुरचुरला की केस लाकडावर पालथी आपटा, बेअरिंग आपोआप सुटतं. एकाच जागी गॅसची ज्योत धरली तर केस वाकते. बेअरिंग इंची मापाची असतात. जुन्यावरचा नंबर उतरवून इंदूरच्या सियागंज बाजारात विचारा. जवळचं मेट्रिक घेऊन केस बोअर करू नका.

आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कच्या बाजूंवर निळा जळका डाग दिसला तर समजा, फोर्क सतत गिअरला ढकलत होता, म्हणजे दोष परत रॉडचाच. खाचेत फोर्कची ढील 0.2–0.3 मिमी ठीक. अर्ध्या मिलिमीटरवर गेली तर पितळेने भरून मशीन करून घ्या. डॉगचे कोपरे किंचित गोल असतील तर चालतील. डॉगची पाठ तपासा, ती कुणी बघत नाही. मूळ डॉगला आतल्या अंगाला दोन-तीन अंशांचा उतार असेल तर भार आला की गिअर एकमेकांना ओढून धरतात. कानशीने घासताना हाच उतार जातो. आणि वेल्डिंग? गिअरवरचा कडक थर जेमतेम मिलिमीटरभर. वेल्डिंगच्या आचेने तो नरम पडतो, शेजारच्या दातांना चिरा जातात, बोअर अंडाकृती होतो. डॉग खरंच गेला असेल तर गिअर नवा कापून, कार्बुरायझिंग आणि हार्डनिंग (पृष्ठभाग कडक करण्याची प्रक्रिया) करून घ्या. पिथमपूरची औद्योगिक वसाहत जवळ असताना वेल्डिंगचा हट्ट मला कधीच पटला नाही.

स्लीव्ह गिअरचा (मेनशाफ्टवर फिरणाऱ्या पोकळ गिअरचा) फॉस्फर ब्राँझ बुश दाबून बसवला की आतून आकसतो, म्हणून रीमर बसवल्यावरच मारायचा, ढील 0.05 ते 0.075 मिमी. तेलाचं भोक पाडायला विसरू नका. लेशाफ्टची (मेनशाफ्टला समांतर दुसऱ्या शाफ्टची) लांबीतली ढील 0.1–0.2 मिमी शिमने (पातळ चकतीने) धरा आणि मोजताना कागदी गास्केटची जाडी हिशोबात घ्या. प्लंजरची स्प्रिंग ताणून लांब करू नका, थोड्याच दिवसांत परत मऊ पडते. नवी घाला. प्लंजरचं टोक चपटं झालं असेल तर सिल्व्हर स्टीलचा करून पाणी द्या.

तेल: या बॉक्सला आजच्यासारखे ऑइल सील नाहीत. म्हणून पातळ 00 ग्रीस किंवा SAE 50 तेल घाला. GL-5 दर्जाचं गिअर ऑइल टाळा, ब्राँझला त्रास देतं.

आता तुमच्याकडच्या सुट्या पायगिअर बॉक्सला हाताचा लिव्हर लावायचं विचारलंत. लागतो, पण आतला रॅचेट (एका खेचीला एकच गिअर बदलणारी खटकी) काढून कॅमप्लेटचा शाफ्ट थेट फिरवावा लागेल. रॅचेट ठेवलात तर प्रत्येक खेचीला लिव्हर मधोमध परत येणार, मग गेट निरुपयोगी. माप असं काढा: आर्म 60 मिमीचा आणि शाफ्ट एकूण 45 अंश फिरत असेल तर रॉड सुमारे 46 मिमी चालतो. लिव्हर 5:1 असेल तर मूठ 230 मिमी फिरणार. तुमचं गेट 180 मिमीचं असेल तर आर्म 47 मिमीचा करा. गेटचा ब्रॅकेट टाकीला नव्हे, फ्रेमला धरा. रबरावर बसलेली टाकी हलली की माप हललं.

पायगिअरवाल्यांचा मुद्दा नेहमी एकच असतो, की हातगिअर मुळातच कच्चा. ब्रिटिश व्हेलोसेट कंपनीने पॉझिटिव्ह स्टॉपचा, म्हणजे एका दाबाला एकच गिअर बदलणारा पायगिअर विक्रीच्या गाडीत 1929ला आणला. त्याआधीच्या कितीतरी टीटी (आयल ऑफ मॅन बेटावरच्या) शर्यती माणसांनी हातगिअरवर जिंकल्या. गेट कापून फेकलेली गाडी दाखवून ‘सुधारली’ म्हणणाऱ्यांशी माझं हे भांडण जुनं आहे आणि ते मी सोडणार नाही.

हो, एक राहिलं. उजवा हात लिव्हरवर गेला की थ्रॉटल सुटतं. ग्रिपचा घर्षणाचा स्क्रू इतकाच कसा, की हात काढल्यावर ग्रिप जागेवर राहील पण बोटाने सहज बंद होईल. राजवाड्याच्या गर्दीत नेण्याआधी रिकाम्या रस्त्यावर सवय करा. आणि रॉडला नवीन स्प्लिट पिन घालायला विसरू नका. जुनी सरळ करून परत घातलेली पिन तुटली की लिव्हर हातात आणि गिअर तिसऱ्यात अडकलेला.