आधी उभं करून बघ

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. तुझी पेशंट सोळा वर्षांची पोर, क्लास टू, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या मानाने मागे, वरचे दात पुढे, मान कायम पुढे काढलेली आणि दुखरी. ब्रेसेस लावल्या की मानही सुधारेल, असं तिच्या आईला सांगू का, म्हणतेस. नको सांगूस. आधी तिला उभं करून बघ.

खुर्चीत आडव्या पेशंटचं तोंड दिसतं, मान दिसत नाही. आत्ता, वाचता वाचता करून बघ: मान मागे टाकून दात हलकेच मिटव, मग हनुवटी छातीकडे आणून मिटव. पहिल्यांदा खालचा जबडा मागे सरकतो, दुसऱ्यांदा पुढे येतो. म्हणून मी आर्टिक्युलेटिंग पेपर, म्हणजे दात कुठे टेकतात तिथे ठिपके उमटवणारा रंगीत कागद, ठेवून पेशंटला ताठ बसवूनही चावायला लावते. आडवं असतानाचे निळे ठिपके आणि बसल्यावरचे ठिपके पुष्कळदा जुळत नाहीत. मान सुधारावी म्हणून दात घासून बाइट, म्हणजे चावा, जुळवून द्या म्हणणाऱ्यांना विचार, यातला कुठला ठिपका घासू? दातावरचं कवच, इनॅमल, गेलं की गेलं, ते परत येत नाही.

संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. सोलो आणि टालग्रेन या संशोधकांनी 1976 साली डोक्याची ठेवण आणि चेहऱ्याची घडण यांचं नातं मोजून दाखवलं. डोकं मानेवर मागे कललेल्यांत चेहरा उभट आणि खालचा जबडा मागे असण्याकडे कल दिसला. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली, असं कसं म्हणतेस? ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढून नाक चोंदलं की मूल तोंडाने श्वास घेतं, डोकं मागे कलतं, जीभ खाली राहते. तिथे दात आणि मान दोन्हींचं मूळ नाकात असू शकतं. तुझी पेशंट घोरते का, विचारलंस? मोबाइल किती खाली धरते, बघितलंस?

म्हणून पुन्हा सांगते, उभं कर. समोर आरसा ठेव, स्वतःच्याच डोळ्यांत बघायला सांग, मग बाजूने फोटो काढ. एका पेशंटला इतका वेळ कशाला, हे मी आयुष्यभर ऐकलं. ऐकूनही सोडलं नाही, आणि बरोबरच केलं. खंत एवढीच, की त्या काळी फोटोची सोय नव्हती. नाहीतर आज तुझ्यापुढे वाद घालत बसले नसते, नुसते दाखवले असते.

तिच्या आईला सांग, दातांचा उपचार दातांसाठी करू. मानेसाठी फिजिओथेरपिस्टला दाखवा, नाकासाठी ईएनटीला. फी कमी मिळेल, मिळू दे. आणि मला दातांच्या साच्याचं मॉडेल किंवा एक्स-रे पाठवायच्या आधी तो उभं करून काढलेला फोटो पाठव.