सजीव पृथ्वीशी जुळवून घेतात, की पृथ्वीच बदलून टाकतात?

तुम्ही विचारलंय की हवा-पाणी अनुकूल होतं म्हणून सजीव आले असं शाळेत शिकवतात, मग सजीवांनी पृथ्वी बदलली हे म्हणणं कितपत खरं? माझ्या मते शंभर टक्के खरं, आणि सगळ्यात मोठा दाखला ऑक्सिजनचा.

सुरुवातीच्या हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हताच. कशावरून? दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या खडकांत पायराइटचे गोटे सापडतात. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. आजच्या नदीत ते गोल गुळगुळीत व्हायच्या आधीच हवा-पाण्याने गंजून जाईल. पण 280 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या नद्यांत ते घासून गोल झाले, तरी शाबूत राहिले. मला हा पुरावा फार आवडतो, कारण तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

पुढे सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू उन्हात पाण्याचे रेणू फोडून ऑक्सिजन सोडू लागले. तो आधी समुद्रात विरघळलेल्या लोखंडाने गिळला आणि लोखंड तळाला थरांनी साचलं. (काही जीवाणू ऑक्सिजनशिवायही लोखंड असं साचवतात, त्यामुळे श्रेय वाटून द्यायला हवं.) गोव्यातलं लोहखनिज अशाच पट्टेदार खडकांतून आलंय. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी मात्र ऑक्सिजन हवेत टिकू लागला.

आता उलटी बाजू. तेव्हाच्या बहुतेक जीवांना हा वायू विषारी होता. त्यांचे वंशज आज चिखलात आणि गुरांच्या पोटात राहतात. ज्यांना तो वापरता आला त्यांची चंगळ झाली: ग्लुकोजच्या एका रेणूतून किण्वनाने, म्हणजे ऑक्सिजन न वापरता, एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे) 2 रेणू मिळतात, ऑक्सिजन वापरून साधारण 30.

जुनी अडचण अजून मिटलेली नाही. हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारं जीवाणूंमधलं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं. भुईमुगाचं रोप उपटून हे जीवाणू राहतात ती मुळावरची गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी दिसेल. तो रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. ते ऑक्सिजन पकडून ठेवतं आणि जीवाणूंना बेताबेतानेच पुरवतं.

यावरून पृथ्वी सजीवांची काळजी घेते, असा अर्थ मात्र काढू नका. त्याच ऑक्सिजनने पृथ्वीला ऊबदार ठेवणारा हवेतला मिथेन वायू संपवला आणि पृथ्वी गोठायला हातभार लावला, असं अनेक संशोधक मानतात.