पोरगी पत्रा कापते, पण पुतळे नको म्हणते

‘आमची उद्यमनगरात फॅब्रिकेशनची शेड आहे. ग्रिल, शटर, ट्रॉलीच्या बॉड्या करतो. मुलगी बारावी सायन्सला, गणितात बरी. गेलं वर्षभर पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांचं वाऱ्यावर फिरणारं काहीबाही करून ती छताला टांगते. अलेक्झांडर काल्डर नावाच्या अमेरिकन शिल्पकाराचं वेड लागलंय. आता म्हणते, शिल्पकला शिकायची, पण पुतळे करायचे नाहीत. मग शिल्पकार पोट कशावर भरतो? हा काल्डर स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर होता, हेही तिनंच सांगितलं. तर तिलाही आधी इंजिनिअरिंग करायला लावावं का?’
— एक वडील, कोल्हापूर

स. न. वि. वि.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात तुम्हाला एक आयती पळवाट दिसलेली आहे.

काल्डर 1919 मध्ये होबोकनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाला, हे खरं. पण ते कसं झालं तेही ऐका. त्याचे आजोबा आणि वडील दोघंही पुतळे करणारे शिल्पकार. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलवर विल्यम पेनचा 37 फुटी पुतळा उभा आहे, तो आजोबांचा. या धंद्यातली ओढाताण घरानं पाहिलेली, त्यामुळे मुलानं दुसरं काही करावं असंच आईवडिलांना वाटे. एक मित्र मेकॅनिकलला निघाला होता म्हणून हाही गेला. पदवीनंतर तीन-चार वर्षं ड्राफ्ट्समन, लाकूडतोडीच्या छावणीत हजेरी मांडणारा, बोटीच्या बॉयलरवर कामगार असे धक्के खाल्ले आणि 1923 मध्ये न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकलेला बसला. म्हणजे इंजिनिअरिंगनं त्याला पोट दिलं नाही. पुढे हाताला उपयोग झाला, तो वेगळा. आणि तो हात तुमच्या मुलीला तुमच्या शेडमध्ये फुकट मिळतोय.

इंजिनिअरिंग तिला स्वतःला आवडत असेल तर जरूर करावं. ‘आधी ते, मग तुझं’ या अटीवर नको. चार वर्षं मन मारून काढलेली पदवी पुढे नोकरीलाही धड कामाला येत नाही. अशी मुलं माझ्यासमोर दर जूनमध्ये येऊन बसतात.

आता पोटाचं. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. काल्डरनं आधी वर्तमानपत्री चित्रं काढली, तारेची आणि लाकडाची खेळणी केली, त्यातली काही एका अमेरिकन कारखान्यानं बाजारात आणली. पॅरिसमध्ये तार, बूच आणि चिंध्यांची एवढीशी सर्कस बांधून तिचे खेळ लोकांना करून दाखवले. 1930 मध्ये तो मोंद्रियान या चित्रकाराच्या स्टुडिओत गेला. भिंतीवर रंगीत चौकोन लावलेले होते. हे हलले तर कसं दिसेल, हा विचार त्याच्या डोक्यात तिथे शिरला आणि त्यानंतर तो अमूर्ताकडे वळला. 1931 मध्ये त्याच्या हलत्या शिल्पांना मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलाकारानं ‘मोबाइल’ हे नाव दिलं (आपल्या खिशातल्या मोबाइलच्या कितीतरी आधी). न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन भरलं 1943 मध्ये, तेव्हा तो 45 वर्षांचा होता. चित्रकलेला बसल्यापासून वीस वर्षं झाली होती. एवढी वर्षं दुसरं काहीतरी करून भाकरी कमवायची तयारी आहे का, हे मुलीला विचारा. रागानं नव्हे, हिशेबाची वही पुढे ठेवून.

हे ‘दुसरं काहीतरी’ आपल्याकडेही आहे. प्रदर्शनांची आणि विज्ञान केंद्रांची मांडणी, नाटक-सिनेमाचे सेट, दुकानांच्या दर्शनी काचेमागची सजावट, आर्किटेक्टकडून येणारी हॉटेलं नि ऑफिसांची कामं, शिकवणं. मुंबईत दगड-धातूंतून अमूर्त शिल्पं करणारे आदी दावियरवाला शिक्षणानं औषधनिर्माणशास्त्रातले होते. भंगार लोखंड वेल्डिंगनं जोडून शिल्पं उभी करणाऱ्या पिलू पोचखानवाला जाहिरातीच्या धंद्यातून आल्या. आणि तुमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं बनवला होता, तेव्हा ‘कलाकाराला यंत्रातलं काय कळतं’ असं निदान तुमच्या गावात कुणी म्हणू नये.

मुलगी काय करते आहे हे तुम्हाला कळावं म्हणून एक प्रयोग सांगतो. तिच्याबरोबर बसून करा. तार घ्या, एका टोकाला 20 ग्रॅमचा पत्रा, दुसऱ्याला 60 ग्रॅमचा. तारेचं वजन सोडून दिलं, तर हलका तुकडा 30 सेंटीमीटरवर आणि जड 10 सेंटीमीटरवर ठेवला की तार आडवी राहते. तिथे पक्कडीनं कडी वळवायची. हा अख्खा डोलारा आता 80 ग्रॅमचं एक वजन झाला. तो वरच्या तारेच्या एका टोकाला, समोर नवा पत्रा, पुन्हा बोटावर तोल, पुन्हा कडी. मोबाइल असा खालून वर बांधत नेला की सोपा जातो. तळाचा एक तुकडा कापून लहान केला की वरच्या सगळ्या कड्या सरकवाव्या लागतात. तरफेचा नियम शाळेत सगळेच शिकतात. पाचव्या मजल्यावर पोहोचून पुन्हा पहिल्या कडीपासून सुरुवात करायचा कंटाळा न येणारी मुलं थोडी. तुमची मुलगी त्यातली आहे का, हे मला इथून दिसत नाही, तुम्हाला रोज दिसतं.

शिक्षणाचं थोडक्यात. शिल्पकलेतलं बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स ही पदवी) चार वर्षांचं, बारावीची कुठलीही शाखा चालते. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी आहे, तिला वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्राचा सराव लागेल. मुंबईचं जे. जे. आता अभिमत विद्यापीठ झालंय, त्यांची प्रवेशाची पद्धत त्यांच्याच संकेतस्थळावर पाहा. बडोद्याचा फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्सही पाहा. एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा: पुतळे नको असले तरी सुरुवातीला माती मळावीच लागते, माणसाचं डोकं हुबेहूब करावंच लागतं. त्या मातीच्या आत सळ्यांचा सांगाडा असतो. तो करताना वर्गातली पोरं तिच्याकडे धावत येतील.

मोठ्या कामांत तर तुमचाच धंदा आहे. काल्डर छोटं मॉडेल करायचा आणि फ्रान्समधल्या तूर गावचा बिएमों हा लोखंडाचा कारखाना त्याची कित्येक मोठी शिल्पं प्लेटा कापून, बोल्टांनी जोडून उभी करायचा. शिकागोतलं त्याचं लाल ‘फ्लेमिंगो’ 53 फूट उंच आहे. हे काम कुणा नाजूक बोटांच्या माणसाचं नव्हे, क्रेनवाल्याचं आणि फिटरचं.

हलत्या शिल्पाचा खरा त्रास ते विकल्यावर सुरू होतो. पुण्याजवळच्या एका कंपनीच्या दारात मी मोटरवर फिरणारं शिल्प पाहिलंय. मोटर जळाली, दुरुस्ती कुणी करायची हे करारात नव्हतं, आता त्यात साळुंकीचं घरटं आहे. काल्डरनंही सुरुवातीला मोटरी लावल्या, पण तेच तेच फिरणं त्याला रुचेना, म्हणून तो बहुतेक कामांत वाऱ्यावर गेला. तरी 1958 चं त्याचं ‘पिट्सबर्ग’ हे काळं-पांढरं मोबाइल तिथल्या विमानतळावर लागल्यावर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, हिरव्या-सोनेरी रंगात रंगवलं गेलं आणि तो आयुष्यभर चडफडत राहिला. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम 57 याबाबत कलाकाराच्या बाजूनं आहे. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल सरकारशी भांडले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकले. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा ऑर्डर घेतानाच बेअरिंग, रंग आणि देखभाल कुणाची, हे लिहून घेणं बरं. ते मुलीला कुठलंही कॉलेज तुमच्याइतकं नीट शिकवणार नाही.

तेव्हा बीएफए करू द्या, असं माझं मत. त्याआधी या सुट्टीत शेडचा एक कोपरा आणि नवा 22 गेजचा पत्रा तिला द्या. पाच पानांचा एक मोबाइल करू दे. पत्रा, तार, रंग आणि तिचे तास तुमच्या नेहमीच्या दरानं लावून त्याचं बिलही तिलाच करू दे. मग मला व्हिडिओ पाठवा. पंखा बंद ठेवून, खिडकी उघडून काढलेला. बिल सोबत जोडा.